३५० ला खालचा पिकअपच नाही: कॅम बदलू की कार्ब?

राजवाडा५१:
मंडळी, १९५१ च्या शेवरलेत स्मॉल ब्लॉक ३५० (३५० घनइंचांचं व्ही-८ इंजिन) बसवलंय. टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या डिफरन्शियलचा रेशो ३.०८, टायर २८ इंची. इंजिनाबरोबर आलेला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टॅपेट ०.०५० इंच उचलल्यावर मोजला तर २३०/२३६ अंशांचा (इनटेक/एक्झॉस्ट), इनटेकची सेंटरलाइन १०६. वर सिंगल प्लेन मॅनिफोल्ड आणि ७५० सीएफएमचं (मिनिटाला इतके घनफूट हवा) डबल पंपर कार्ब. हेड जुनी ७६ सीसी चेंबरची, पिस्टन डिशवाले. ३५०० च्या वर गाडी सुसाट, पण इंदूरच्या पलासियाच्या सिग्नलवरून निघताना मान टाकते. डी मध्ये टाकली की आयडल १००० वरून धाडकन खाली येतं आणि बंद. इंजिनाचा व्हॅक्यूम १० इंच, त्यावर चालणारा ब्रेक दगडासारखा. भेरूघाटात तर विचारूच नका. एक जण म्हणतो कार्ब बदल, दुसरा म्हणतो ३८३ स्ट्रोकर कर (लांब स्ट्रोकचा क्रँक घालून ३८३ घनइंच). आधी कशाला हात घालू?

टॅपेट_काका:
स्ट्रोकर सध्या विसरा. आजार कॅममध्ये आहे. तुमचा इनटेक व्हॉल्व्ह ०.०५० ला पिस्टन तळाला पोचल्यावर ४१ अंश पुढे जाऊन बंद होतो. हजार-दीड हजार आरपीएमला आत येणाऱ्या हवेला जोर नसतो, त्यामुळे वर येणारा पिस्टन तेच मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. एअर क्लीनर काढून हळूहळू रेस वाढवा, कार्बच्या तोंडावर पेट्रोलचं धुकं तरंगताना दिसेल. लांबूनच बघा, बॅकफायर झाला तर भुवया जातील.

त्यात ७६ सीसीच्या हेडला कॉम्प्रेशन जेमतेम ८.३. कमी कॉम्प्रेशन आणि लांब कॅम, याहून वाईट जोडी नाही.

कॅम घ्या २०४/२१४ चा, लोब सेपरेशन (इनटेक-एक्झॉस्ट लोबमधला कोन) ११२, सेंटरलाइन १०७. मग व्हॉल्व्ह २९ अंशांवर बंद होतो. लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलतो ते) ०.४५० इंचाच्या आत ठेवा, नाहीतर स्प्रिंग आणि रिटेनरचा खर्च वाढतो. आयडल व्हॅक्यूम १७-१८ पर्यंत येईल आणि ब्रेकही आपोआप मऊ होईल.

कार्बचा हिशोब सोपा आहे: ३५० घनइंच गुणिले ५००० आरपीएम भागिले ३४५६ म्हणजे ५०६, त्याचे ८५ टक्के ४३० सीएफएम. ७५० कशाला हवं? ६०० चं व्हॅक्यूम सेकंडरीवालं (मागची दोन तोंडं हवेच्या गरजेप्रमाणे उघडणारं) लावा, खाली ड्युअल प्लेन मॅनिफोल्ड, तो खालच्या आरपीएमला साथ देतो. डबल पंपर विकून त्या पैशात मॅनिफोल्ड येईल.

घाटवाला:
काकांचं पटलं, पण हेडचं राहिलं. बजेट असेल तर शेवरलेचीच नंतरची व्हॉर्टेक हेड बघा. चेंबर ६४ सीसी, म्हणजे कॉम्प्रेशन साधारण ९.३ वर जातं. पोर्ट १७० सीसीचे आहेत, खालच्या आरपीएमला हवेचा वेग टिकतो. दोन ठिकाणी लोक फसतात. मॅनिफोल्ड ८ बोल्टवालाच लागतो, जुना १२ बोल्टवाला बसत नाही. रॉकरही सेल्फ अलायनिंगच हवेत, जुने घातले तर व्हॉल्व्हच्या टोकावरून सरकतात.

आणि रेशो! ३.०८ ऐवजी ३.७३ केला तर चाकावर २१ टक्के जास्त ओढ, इंजिनाला हात न लावता. ८० च्या वेगाला आरपीएम साधारण १८४० वरून २२२५ होतो, एवढंच.

सायलेन्सर_दादा:
एक्झॉस्टमध्ये थोडं बॅकप्रेशर ठेवा राव, मोठा पाइप लावला की टॉर्क जातो.

टॅपेट_काका:
दादा, टॉर्क बॅकप्रेशरने मिळत नाही, गॅसचा वेग टिकल्याने मिळतो. म्हणून १⅝ इंची प्रायमरीचे हेडर (प्रत्येक सिलिंडरला सुटी एक्झॉस्ट नळी) आणि २¼ इंची दुहेरी पाइप पुरे, मध्ये एक जोडपाइप. १¾ च्या हेडरने खालचा ओढा मंदावतो. तुम्ही पाहिलेला परिणाम खरा, कारण वेगळं.

पॉईंट_गॅप:
डिस्ट्रिब्युटर विसरू नका. स्पार्कचं सुरुवातीचं टायमिंग १२ अंश, सगळं मिळून ३४-३६, तेही २८०० ला पूर्ण व्हायला हवं. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी जोडलेली हवी, बरेच जण ती बंद करून टाकतात. कॅम छोटा केला की सिलिंडरमधला दाब वाढतो, मे महिन्यात नॉकिंग आलं तर २ अंश मागे घ्या. इथेनॉल २० टक्क्यांचं पेट्रोल लीन पडतं (मिश्रणात इंधन कमी पडतं), ६०० च्या कार्बमधले ६६ नंबरचे प्रायमरी जेट काढून ६९-७० लावून प्लगचा रंग बघा. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम बदलाच, हे पेट्रोल त्यांना फुगवतं.

राजवाडा५१:
धन्यवाद मंडळी. कॅम फ्लॅट टॅपेटचाच (रोलर नसलेला, टॅपेटचा तळ लोबवर घासतो तो) घेतोय. जुने टॅपेट चांगले दिसतात, तेच वापरू?

टॅपेट_काका:
अजिबात नको! जुना टॅपेट जुन्या लोबशी घासून बसलेला असतो, नव्या लोबला अर्ध्या तासात खाऊन टाकतो. नवेच घ्या आणि लोब व टॅपेटच्या तळाला मॉलीची पेस्ट फासा. ऑइल झिंकवालं हवं. डिझेलचं सीआय-४, १५डब्ल्यू-४० चालतं, वर ब्रेक-इनची बाटली. टॅपेट बसवताना झीरो लॅशनंतर (रॉकरचा सैलपणा संपला की) नटाला अर्धा फेरा. चालू करण्याआधी ऑइल पंप ड्रिलने फिरवून प्रेशर आणा, फ्लोट बाऊल भरून ठेवा, टायमिंग आधीच लावून ठेवा. इंजिन पकडलं की लगेच २००० वर न्या, आयडल करू नका, २००० ते २५०० मध्ये वर-खाली करत २० मिनिटं. पुशरॉड फिरताना दिसले पाहिजेत. एखादा फिरत नसेल तर ताबडतोब बंद करा, तो लोब जातोय.