एमएल + सायबर सिक्युरिटीत पीएचडी, पुढे प्राध्यापकी: करू का?

केळीवाला_रावेर:
एमटेक झालंय, जळगावच्या एका कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतो. मशीन लर्निंगने नेटवर्कवरचे हल्ले पकडायचे या विषयात पीएचडी करायचीय. केडीडी कप ९९ या नेटवर्क हल्ल्यांच्या डेटावर रँडम फॉरेस्ट नावाचं मॉडेल चालवलं तर ९९ टक्क्यांवर अॅक्युरसी येते, पेपर होईल ना? वडील म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. उमवितून (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) करू की आयआयटीच्या मागे लागू?

तापीकाठ:
भो, ते ९९ टक्के आधी विसर. तो डेटा १९९८ च्या डार्पाच्या (अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था) चाचणीसाठी लॅबमध्ये बनवलेल्या नकली ट्रॅफिकवरून काढलेला आणि ट्रेनिंगमधल्या जवळपास ७८ टक्के नोंदी डुप्लिकेट, हे २००९ लाच दाखवून झालंय. फुटलेला पेपर सोडवून पहिला नंबर काढल्यासारखं आहे ते. साधा हिशोब कर, दिवसाला १० लाख कनेक्शन, त्यात हल्ले १००. फॉल्स पॉझिटिव्ह (साध्या कनेक्शनला हल्ला समजणं) १ टक्का धरला तरी १० हजार खोटे अलार्म वाजणार, मग समोर बसलेला माणूस दुपारपर्यंत अलार्मच बंद करून टाकतो 😄 पीएचडीचा प्रश्न इथून सुरू होतो. आणि हो, डेटा रँडम फोडू नको, जुन्यावर ट्रेन कर नि नंतरच्यावर टेस्ट कर, हल्लेखोर काय तुझ्यासाठी थांबून राहत नाही.

धुयाना_भाऊ:
मी बी खान्देशातलाच, धुळ्याचा. आयआयटी की उमवि यापेक्षा गाईड बघ. त्यांचे अलीकडचे पेपर कुठे आलेत? यूझनिक्स सिक्युरिटी, एनडीएसएस, सीसीएस अशा सिक्युरिटीच्या नामांकित कॉन्फरन्सपैकी काही दिसलं तर डोळे झाकून जा, पैसे घेऊन आठवड्यात छापणारे जर्नल दिसले तर लांबूनच नमस्कार. पैशाचं म्हणशील तर जेआरएफ (पीएचडी करणाऱ्याला मिळणारी फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७ हजार, पुढे एसआरएफ (तिचाच वरचा टप्पा) झाल्यावर ४२ हजार, वडिलांना हा आकडा सांग, निम्मा वाद मिटेल.

सिक्युरिटी_ताई:
थोडं वेगळं मत. घरी जबाबदारी असेल तर उमवितून करण्यात कमीपणा नाही, फक्त विषय घासून घ्या. यूझनिक्सचे पेपर फुकट वाचता येतात. २०२२ चा एक आहे, त्यात नामांकित कॉन्फरन्सचे ३० पेपर तपासले, प्रत्येकात किमान ३ चुका निघाल्या! पहिला तो वाचा, मग केडीडीचं बोलू.

केळीवाला_रावेर:
आता आयआयटीवाल्या गाईडना मेल टाकतो. गेट परीक्षा गेल्या वर्षी दिलेली आहे, तो स्कोअर चालेल?

धुयाना_भाऊ:
स्कोअर ३ वर्षं चालतो. मेलमध्ये ते ९९ टक्के लिहू नको फक्त.