'सहमत', 'संमती', 'अनुमती', 'परवानगी': फोनच्या बटणावर कुठला शब्द हवा?

मूळ प्रश्न

गेल्या आठवड्यात आईच्या फोनवर डॉक्टरांशी बोलायचं एक अ‍ॅप घेतलं. आईचं मराठी वाचन पक्कं आहे, म्हणून भाषा मराठी निवडली. पहिल्याच पडद्यावर बारीक अक्षरांचा लांबलचक मजकूर आणि खाली एकच बटण: 'मी सहमत आहे'. आईने चष्मा लावला आणि विचारलं, "कोणाशी सहमत? त्यांचं म्हणणं काय आहे?" मी म्हटलं, "अगं दाब नुसतं, सगळे दाबतात." ती म्हणाली, "म्हणणं कळल्याशिवाय सहमत कशी होऊ?"

पुढचा पडदा: 'संपर्कांना अनुमती द्या'. आईने त्याचा अर्थ लावला की आपल्या ओळखीच्या माणसांना कसली तरी परवानगी द्यायची आहे. व्याकरणाने पाहिलं तर तिचा अर्थ बिनचूक होता. 'कोणाला अनुमती' असं विचारलं तर उत्तर 'संपर्कांना' असंच येतं. प्रत्यक्षात ते अ‍ॅप तिच्या फोनमधले सगळ्यांचे नंबर घेऊ पाहत होतं, आणि त्या वाक्यात ना 'घेणे' होतं, ना घेणारा.

या दोन पडद्यांनी मला झोप लागू दिली नाही. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संमतीची मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. हा कायदा म्हणतो की संमतीची मागणी साध्या, स्पष्ट भाषेत हवी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. म्हणजे २२ भाषा, त्यात आपली मराठी. तेव्हा येत्या काळात या विषयाचं मराठी हजारो ठिकाणी लिहिलं जाणार आहे. ते लिहून छापून कायमचं रुळण्याआधी इथल्या जाणकारांना विचारावंसं वाटलं: सहमत, संमती, अनुमती, परवानगी, मान्यता, होकार यांत नेमका फरक काय? बटणावर काय असावं?

प्रतिसाद (संस्कृत शिकवत होते, आता निवृत्त)

आधी शब्दांची घडण पाहू. संमती, अनुमती, सहमती या तिघींत 'मति' आहे, 'मन्' धातूपासून आलेली. त्याच कुळातले मत, मन, मान्य. म्हणजे या प्रत्येक शब्दात मनाने विचार करणे गृहीत आहे. विचार झालाच नसेल तर शब्दाचा पायाच नाही.

फरक उपसर्गाचा. 'अनुमती'त मागून येणे आहे: दुसऱ्याने काही करायचे ठरवले, आपण त्याला मागून दुजोरा दिला. 'संमती'त आपले मन त्या गोष्टीशी जुळले. 'सहमत'मध्ये दोघांचे मत एक. म्हणून 'मी तुमच्या मताशी सहमत आहे' हे शुद्ध आणि स्वाभाविक, पण 'शस्त्रक्रियेला मी सहमत आहे' हे कानाला खटकते. शस्त्रक्रियेला संमती देतात. तुमच्या मातोश्रींनी 'कोणाशी' हा प्रश्न विचारला, कारण 'सहमत' या शब्दाला 'शी' हा प्रत्यय लागतो आणि त्या पडद्यावर तो कशालाच लागलेला नव्हता. भाषा ज्याच्या अंगी मुरली आहे त्यालाच हे चटकन जाणवते.

लेखनाबद्दल एक विनंती. सुटा शब्द 'संमती' दीर्घ, पण समासात ऱ्हस्व: संमतिपत्र, संमतिवय. अ‍ॅपवाले, रुग्णालये, शाळा सगळीकडे 'संमतीपत्र' छापतात.

जाता जाता: 'मौनं संमतिलक्षणम्' हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. मुलीने मान खाली घातली की होकार धरायचा, ही आपली जुनी रीत. नवा कायदा याच्या बरोबर उलट बोलतो, आणि मला ते मनापासून पटते.

प्रतिसाद (दस्तलेखक, सातारा जिल्हा)

ताई, तुम्ही 'मौन' म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या धंद्यात मौन चालत नाही. खरेदीखत असो की मृत्युपत्र, शेवटचा मजकूर ठरलेला: 'हा दस्त मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे. मजकूर मला वाचून दाखवला, समजला व मान्य आहे.' खाली सही, नाहीतर निशाणी अंगठा.

लोक याला घोकीव मजकूर समजतात. पण एकेक शब्द बघा. राजीखुशी म्हणजे जबरदस्ती नाही. अक्कलहुशारी म्हणजे शुद्धीत आहे, कळतंय. वाचून दाखवला म्हणजे निरक्षर माणसालाही सोडलेलं नाही. 'मान्य' हा शब्द या सगळ्यांनंतर, अगदी शेवटी येतो. फोनवाल्यांनी आधीचं सगळं उडवलं आणि शेवटचा तेवढा 'मान्य' उचलला.

कायद्याचं म्हणाल तर १८७२ च्या करार कायद्यातलं तेरावं कलम सांगतं: दोन माणसांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली तरच ती संमती. एकाच अर्थाने! चौदावं कलम सांगतं की जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट, खोटी माहिती किंवा चूक यांतून आलेली संमती मुक्त नव्हे. तुमच्या आईला वाटलं ओळखीच्यांना परवानगी द्यायची, कंपनीला वाटलं आपल्याला नंबर मिळाले. दोघांचा अर्थ एक कुठे झाला?

पस्तीस वर्षं मी म्हाताऱ्या माणसांना दस्त वाचून दाखवतो आहे. मध्येच थांबवून विचारतात, "हे बांधाचं काय लिहिलंस, परत वाच." परत वाचावं लागतं. तसं परत वाचून दाखवणारं कोणी त्या पडद्यामागे नाही, हे मला फार लागतं.

मूळ प्रश्नकर्ती

काका, 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने' याकडे मी कधी असं पाहिलंच नव्हतं. नव्या कायद्यातली संमतीची व्याख्या शेजारी ठेवून पाहिली. मुक्त, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त, निःसंदिग्ध, आणि स्पष्ट कृतीतून दिलेली. मुक्त म्हणजे राजीखुशी. माहिती देऊन घेतलेली म्हणजे वाचून दाखवला, समजला. स्पष्ट कृती म्हणजे अंगठा. जे शब्द आम्ही दिल्लीहून भाषांतर होऊन येतील म्हणून वाट बघत बसलोय, ते तुमच्या टेबलावर पिढ्यान्‌पिढ्या पडलेले आहेत.

आणखी एक: या कायद्यात सहाव्या कलमाखाली जे उदाहरण दिलंय, ते असंच दूरवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपचं आहे. ते सेवेसाठी माहिती मागतं आणि सोबत फोनमधली संपर्कयादीही मागतं. ग्राहक दोन्हींना हो म्हणते. तरीही तिची संमती सेवेपुरतीच धरायची, कारण सल्ला द्यायला संपर्कयादी लागत नाही. ('म्हणते' मी मुद्दाम लिहिलं. या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात व्यक्तीसाठी सगळीकडे स्त्रीलिंगी सर्वनाम आहे, आणि ते सर्व लिंगांसाठी धरायचं.) म्हणजे आईच्या हातून ते बटण दाबलं गेलं असतं तरी ती कलमं लागू झाल्यावर कंपनीला नंबर घ्यायचा हक्क मिळाला नसता.

प्रतिसाद (इतिहासाचा अभ्यासक, पुणे)

'संमती' या शब्दावर महाराष्ट्राने एकदा जिवाच्या आकांताने वाद घातला आहे, ते इथे आठवायला हवे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा. मुलीचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देऊ शकण्याचे किमान वय, १० वरून १२ करायचे, एवढाच प्रस्ताव. समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी १८८४ पासून हा प्रश्न लावून धरला होता. आगरकर 'सुधारक'मधून कायद्याच्या बाजूने, टिळक 'केसरी'तून विरोधात. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये ही टिळकांची भूमिका. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला.

त्याआधी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेले, पुढे नवऱ्याकडे नांदायला जायला नकार. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग पत्करेन. जे लग्न कळत्या वयात मी पत्करलेच नाही ते मला बांधील कसे, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

तेव्हा मराठीत 'संमती' हा सार्वजनिक शब्द झाला तोच 'समजत नसताना दिलेला होकार होकार असतो का' या प्रश्नातून. आज त्याला आपण बटणावर इतका हलका करून ठेवला, याचे मला दुःख आहे.

वयाचा प्रश्नही परत आलाच आहे. नव्या कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची, पडताळून पाहता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांवर बंदी घातली ते योग्यच. पण सतरा वर्षांच्या मुलीला अभ्यासाचे अ‍ॅप वापरायलाही वडिलांचा होकार लागावा, हे मला पटत नाही. कित्येक घरांत फोन कळतो तो मुलीलाच, आणि आईवडिलांना बटण कुठले दाबायचे हे तीच सांगते. तिथे संमती नक्की कोणाची?

प्रतिसाद (गडचिरोलीत काम करते)

'सहमती'ची बाजू मांडते, कारण हा शब्द आमच्याकडे रोजचा आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव सगळ्यांना माहीत असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. तिथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. कुणाला पटलं नसेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. अभ्यासगट बसतो, माहिती काढतो, पुन्हा चर्चा होते. वेळ लागतो, आणि तो देतात.

हे पाहिल्यावर 'मी सहमत आहे' हे बटण मला सहन होत नाही. सहमती बोलण्यातून, एकमेकांचं ऐकून बनते. जिथे दुसऱ्या बाजूला ऐकणारं कुणी नाही, मजकुरातलं एक वाक्यही बदलायची सोय नाही, तिथे हा शब्द वापरू नये. संमती म्हणा, परवानगी म्हणा, काहीही म्हणा. सहमती आमच्यासाठी ठेवा.

प्रतिसाद (अ‍ॅपचं मराठीकरण करणारा)

आतली बाजू सांगतो. आम्हाला पडदा दिसत नाही. एका तक्त्यात सुटे शब्द येतात, शेजारच्या रकान्यात मराठी भरायचं. कोण कोणाला, कशासाठी विचारतंय ते कळत नाही. वर अक्षरांची मर्यादा. 'संपर्कांना अनुमती द्या' हे असंच जन्माला येतं. मीही अशी वाक्यं लिहिली आहेत आणि त्याबद्दल इथे मनापासून क्षमा मागतो.

माझं मत 'परवानगी'ला. फारसीतून आलेला, पण शेंबड्या पोराला कळणारा शब्द. दस्तलेखक काका म्हणतील परवानगी सरकारकडे मागतात. म्हणूनच तो मला हवा! परवानगी मागणारा दारात उभा असतो आणि देणारा घरात असतो. 'अनुमती द्या'त हे नातं पुसट होतं, 'मी सहमत आहे'मध्ये तर नाहीसंच होतं.

दुसरं, नुसता शब्द बदलून भागणार नाही. 'सर्व स्वीकारा' ठळक रंगात आणि 'नाकारा' फिकट, किंवा तीन पडदे आत. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या रचनांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं की आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. या फसव्या रचनांना मी मराठीत 'चकवा' म्हणतो. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालून पुन्हा त्याच झाडापाशी येतो. वर्गणी बंद करायला गेलेल्या माणसाचं अगदी तसंच होतं.

मूळ प्रश्नकर्ती

'चकवा' मी आजपासून वापरणार. आणि 'परवानगी'ला आणखी एक कारण मला सुचलं, ते बहुतेक सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

हा कायदा सांगतो की संमती कधीही मागे घेता येते, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. पण मराठीत 'मागे घेणे' जड आहे. दिलेला शब्द मागे घेणारा माणूस आपल्याकडे वाईट. संमतीचंही तसंच: 'आधी हो म्हणालात, आता फिरलात?' आईसारखी माणसं शब्द फिरवायला कचरतात, मग समोर कंपनी का असेना. परवानगीला हा डाग नाही. परवानगी दिली, गरज संपली, काढून घेतली. देणाऱ्याचा अधिकार होता, तो त्याच्याकडेच राहिला.

म्हणून माझ्यापुरतं मी असं ठरवलंय: कायद्याच्या मजकुरात 'संमती', पडद्यावर 'परवानगी', आणि बटणावर साधी क्रियापदं. आईच्या त्या पडद्यासाठी लिहून पाहिलं:

'आम्हाला तुमच्या फोनमधली नावं आणि नंबर घ्यायचे आहेत. तुमच्या ओळखीच्यांना आमच्या जाहिराती पाठवायला ते वापरू. डॉक्टरांशी बोलायला यांची गरज नाही. घेऊ का?'

खाली सारख्या आकाराची, सारख्या रंगाची दोन बटणं: 'घ्या' आणि 'घेऊ नका'.

आईला वाचायला दिलं. तिने सावकाश वाचलं, आणि दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं. म्हणाली, "दुसऱ्यांचे नंबर मी कशी देऊ? ते त्यांना विचारायला हवं." हा मुद्दा आपल्यापैकी कुणाच्याच लक्षात आला नव्हता. आपल्याजवळ असलेल्या, पण आपल्या नसलेल्या गोष्टीबद्दल होकार देण्याला मराठीत वेगळा शब्द आहे का? दस्तलेखक काका, कुळ, वाटेकरी, मुखत्यार यांच्या दस्तांत असं काही येतं का?

प्रतिसाद (दस्तलेखक, सातारा जिल्हा)

येतं. सामाईक जमीन एकट्याने विकायला निघाला तर आम्ही विचारतो, "बाकीच्यांची संमती कुठंय?" प्रत्येक सहहिस्सेदाराची सही वेगळी घेतात, 'संमती देणार' म्हणून. मुखत्यारपत्र असेल तर ज्याने ते दिलं त्याचं नाव आधी येतं. दुसऱ्याच्या वाटणीचा होकार आपण द्यायचा, यासाठी शब्द माझ्या तरी पाहण्यात नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.