आप्पांची टॅली आणि माझं लिनक्स एकाच पीसीवर: आहे त्या डिस्कमध्ये करू की दुसरी घेऊ?

हळदवाला_सांगली
नमस्कार मंडळी. घरात पीसी एकच. आय-५, सहावी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. आमची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याची बिलं), येणी-देणी, सगळं ह्याच डब्यातल्या टॅलीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. मला कॉलेजसाठी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टम पाहिजे. आप्पांचं म्हणणं एवढंच, "माझ्या टॅलीला हात लावायचा नाही." डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा आहे. तिथंच टाकू का?

मिरजेचा_मिस्त्री
डी ड्राइव्हच्या नादाला लागू नकोस लगा. पार्टिशन करताना लाईट गेली तर आप्पांना काय सांगणार?

२४० जीबीची साटा एसएसडी घे. आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर काढ आणि दुसऱ्या मशीनवर तो रिस्टोर होतोय का बघ. मग पीसी बंद करून जुन्या डिस्कची केबल काढ, एकटी एसएसडी ठेवून मिंट टाक. जुनी डिस्क जोडलेलीच नसेल तर इन्स्टॉलर पुसणार काय? ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, तोही एसएसडीवरच बसतो. नंतर केबल परत लाव आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) विंडोज पहिलं ठेव. आप्पांनी बटण दाबलं की नेहमीसारखं विंडोज. तुला मिंट पाहिजे तेव्हा सुरू होताना बूट मेनू काढायचा, एफ१२ किंवा एफ८, बोर्ड असेल तसं.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं की शट डाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं, आणि लिनक्समधून ती डिस्क नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. तुझ्या बाबतीत तेही बरंच म्हणा.

आणि सौदे जोरात असताना हे काढू नकोस.

पोवईनाका
एवढा खटाटोप कशाला? व्हर्च्युअलबॉक्स टाकून विंडोजच्या आतच मिंट चालव की.

मिरजेचा_मिस्त्री
८ जीबीत दोघं, तेही जुन्या हार्ड डिस्कवर? पट्टी निघेपर्यंत शेतकरी तासगावला पोचेल.

वाईकर
घड्याळाचं कुणी बोललं नाही. लिनक्स बोर्डावरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंट वापरून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे. सकाळी १० ची पट्टी असेल तर घड्याळात ४:३०. मिंटला एकदा सांगून ठेव की हे घड्याळ स्थानिक वेळेवर आहे, टर्मिनलमध्ये एका ओळीचं काम आहे.

हळदवाला_सांगली
मिस्त्रीकाका, केबलची आयडिया आप्पांना पटली. "केबल कशाला, डिस्कच काढून माझ्या कपाटात ठेव, झालं की घेऊन जा" म्हणाले. एसएसडीबरोबर केबल येते का?

मिरजेचा_मिस्त्री
बहुतेक डब्यात नसते. साटा डेटा केबल वेगळी घे. आणि दुकानात जायच्या आधी झाकण उघडून एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) एक पॉवर पिन मोकळी आहे का बघ.