फोटो काढला, पाडला की टिपला?

सूरसागर, बडोदे

आधी उत्तरायणाला झालेला प्रसंग सांगतो, मग प्रश्न विचारतो. १४ जानेवारीची दुपार, रावपुऱ्यातली आमची गच्ची, उंधियू-जिलबी झालेली. शेजारचे आजोबा खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. त्यांची काळी टोपी म्हणजे अंघोळीची वेळ सोडली तर डोक्यावरून न उतरणारी वस्तू. कुणाचा तरी कापलेला पतंग आमच्यावरून गेला, त्याचा लोंबता मांजा टोपीत अडकला आणि टोपी निघाली वर. आजोबांचा एक हात टकलावर, दुसऱ्या हातातला चहाचा कप तिरका, टोपी डोक्याच्या वर वीतभर. पुतणी मोबाईलवर पतंगांचेच फोटो घेत होती, त्यातल्या एकात हे सगळं आलं. चहासुद्धा कपाच्या काठावरून निघालेला, पण अजून धोतरावर न पोचलेला.

ती ओरडली, "आजोबा, तुमचा फोटो पाडला!"

खालून जिन्यातून तिच्या साताऱ्याच्या आजीचा आवाज, "पाडलास? कुठला गं? भिंतीवरचा? काच फुटली का?"

बडोद्यात जन्म गेलेल्या आम्हांला त्यात काय चुकलं ते थोडा वेळ कळेचना. इथे फोटो पाडतात. वडील पाडायचे, त्यांचे वडीलही पाडायचे.

तर प्रश्न दोन. 'फोटो पाडणे' मराठी मानायचं की नाही? आणि दुसरा: रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन फिरणारी आम्ही सात-आठ हौशी मंडळी आहोत, आमच्याकडे असे बरेच फोटो साठलेत. घसरलेले, सांडलेले, दचकलेले, नको तिथे डोकावलेले. एक अल्बम छापून घ्यायचाय. ह्या सगळ्यांना मिळून मराठीत एक शब्द काय? 'विनोदी छायाचित्रे' सुचवू नका, ते ऐकून कुणाला हसू येत नाही.

सदाशिवपेठी, पुणे

'पाडणे' आमच्याकडे कवितेला लावतात, तेही कवी समोर नसताना. "दिवाळी अंकासाठी चार कविता पाडल्या." जिलब्या पाडतात तसं. रांगोळी काढतात, चित्र काढतात, तसा फोटोही काढतात. पाडणे हे सरळसरळ गुजरातीवरून उचललेलं आहे. प्रश्न मिटला.

मांडवीकाठ, बडोदे

काका, इतक्यात नाही मिटला. गुजरातीवरून आलंय हे कबूल. तिकडे 'फोटो पाडवो', त्याआधी 'छबी पाडवी'. पण आपल्या घरात काय चालतं ते बघा. टांकसाळीत नाणी पाडतात. भट्टीवर विटा पाडतात. माणूस छाप पाडतो, पायंडा पाडतो, भुरळ पाडतो. जिथे साच्यातून किंवा ठशातून काहीतरी उमटतं तिथे मराठीला पाडणेच आठवतं. निगेटिव्हवरून कागदावर उमटलेला फोटो ह्या यादीत परका वाटतो का? गुजरातीने कर्म तेवढं नवीन दिलं, क्रियापद आपलंच होतं.

शिवाय आताचा प्रकार बघा. मोबाईलचं बटण दाबून धरलं की सेकंदाला दहा-दहा फोटो निघतात. एक ठेवायचा, बाकीचे पुसायचे. ह्याला 'काढणे' म्हणवत नाही मला, रांगोळी अशी कोण काढतं? ही वीटभट्टी आहे. पुतणीने शब्द अगदी बरोबर वापरला. विचारा तिला, टोपीचे किती पुसले ते.

सूरसागर, बडोदे

विचारलं. एकूण चौदा होते. तेरांत टोपी एक तर डोक्यावर आहे, नाहीतर चौकटीबाहेर.

राजवाडा, इंदूर

आमच्याकडे फोटो 'खेचतात'. हिंदीच्या शेजारात दुसरं काय होणार? बहीण पुण्याला दिली, तिथे पहिल्या दिवाळीत ती म्हणाली, "आधी बाबांना खेचते हं, मग आईंना." सासरे खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. फोटोत तसेच आलेत.

जाता जाता 'हौशी'बद्दल. हौस मूळची अरबी 'हवस'. हिंदीत तो शब्द चारचौघांत उच्चारायची चोरी, आणि मराठीत आजीला नातवाच्या बारशाची हौस असते! अमॅच्युअरसुद्धा लॅटिनमधल्या 'प्रेम करणे' ह्या क्रियापदावरून आलाय, म्हणजे आपला शब्द चांगला जुळतो. फक्त हौशी म्हणजे कच्चा असं धरू नका. राजा दीनदयाळ आमच्या इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला होते, १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले ते हौसेनेच. पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले.

जत्रेला हौशे, नवशे, गवशे जातात. तुमच्या टोळीत तिन्ही असणार.

सूरसागर, बडोदे

आहेत ना. नवशा एक आहे, विश्वामित्रीच्या पुलावर उभा राहतो, मगरीने जांभई द्यावी म्हणून. (ऊन खाताना मगर तोंड उघडं ठेवते ते अंग फार तापू नये म्हणून, हे त्याला सांगून झालंय. तो म्हणतो, फोटोत जांभईच दिसते.) गवशा मी, चहा कुठे मिळेल ते शोधणारा.

'पाडणे' म्हणायला आता मला आधार मिळाला, पण त्या चौदांतल्या एका फोटोसाठी 'टिपणे' हवंसं वाटतं. चिमणी दाणा टिपते. शिकारी नेम धरून टिपतो. आई पदराने डोळे टिपते. टिपकागद शाई टिपतो. सगळीकडे थोडंसंच घ्यायचं असतं, चटकन घ्यायचं असतं, आणि जे घ्यायचं ते आधीपासून तिथे असतं, आपण मांडलेलं नसतं. म्हणून लग्नात स्टेजवर रांगेत उभं करून फोटो काढतात, कुणी टिपत नाही. रांगेतली आत्याबाई शिंकली तर ती मात्र टिपली जाते.

होमाई व्यारावाला घ्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. उतारवयात आमच्याच गावात राहिल्या, २०११ साली पद्मविभूषण मिळालं, २०१२ साली इथेच गेल्या. त्या काही हौशी नव्हत्या, तो त्यांचा पेशा होता. पण त्यांचा एक फोटो आमच्या अल्बमात अगदी शोभला असता. विमानतळावर पंडित नेहरू उभे आहेत आणि शेजारीच पाटी, छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई. नेहरूंनी पाटीखाली उभं राहावं असं कुणी त्यांना सांगितलं असेल? ते टिपणं.

निवृत्त मास्तर, बडोदे

टिपणे छान, पण गणित बघा. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात हातातून सुटलेला कप सुमारे २० सेंटिमीटर खाली गेलेला असतो. म्हणजे निसटताना पाहून दाबलंत तर फोटोत कप नाही, कपाकडे बघणारा माणूस मिळेल. (तोही वाईट नसतो.) टिपणारे पाहून दाबत नाहीत, अंदाजाने आधी दाबतात. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने १९३२ साली पॅरिसच्या एका स्टेशनामागे कुंपणाच्या फटीतून डबक्यावर उडी मारणारा माणूस असाच पकडला. टाच आता पाण्याला लागणार, पण अजून लागलेली नाही.

ह्या स्थितीला मराठीत एक रूप आहे, त्याकडे कुणी बघत नाही: 'पडता पडता'. पडत असताना, असाही अर्थ आणि पडायच्या बेतात होता पण वाचला, असाही. "पडता पडता सावरला." फोटोतला माणूस कायमचा पडता पडताच राहतो. वर्गात शिकवताना हे उदाहरण सुचलं असतं तर पोरं जागी राहिली असती.

डभोई रोड, बडोदे

अल्बमसाठी मी 'फजिती' म्हणणार होते. अरबीतून आलेला शब्द, तिथल्या मूळ धातूचा अर्थ उघडं पाडणे, चव्हाट्यावर आणणे. (पुन्हा पाडणेच, मांडवीकाठ खूश होतील.) म्हणूनच फजितीला बघणारा लागतो. घरात कुणी नसताना न्हाणीघरात पाय घसरला तर ते नुसतं पडणं. दारातल्या दूधवाल्यासमोर घसरला तर फजिती. कॅमेरा म्हणजे दारातून हलतच नाही असा दूधवाला.

पण लिहिता लिहिता शंका आली. विनोदी वन्यजीव छायाचित्रांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१५ पासून चालते. २०२२ साली पहिला आलेला फोटो टांझानियातला, झाडावरून चारी पाय फाकवून खाली येणारा सिंहाचा छावा. हसून पुरेवाट होते, पण ह्याला फजिती म्हणवत नाही. छाव्याच्या तोंडावर भीती असेल, लाज नाही. फजिती व्हायला ज्याची होते त्यालाही ती कळावी लागते. म्हणजे तुमच्या निम्म्या अल्बमाला, मांजरं, बकऱ्या, तान्ही मुलं, हा शब्द बसणार नाही.

गुजराती घरांत आंब्याच्या कोयी-साली धुऊन त्या पाण्याची कढी करतात, तिला 'फजेतो' म्हणतात. आमची आई तिला आंब्याची फजिती म्हणायची. कोयसुद्धा धुऊन घेतली बिचाऱ्याची, म्हणायची.

सदाशिवपेठी, पुणे

'पोपट' चालेल का? पोपट झाला, ह्या अर्थाने.

मांडवीकाठ, बडोदे

काका, तुम्ही?

लष्कर, ग्वाल्हेर

लग्नातले फोटो असतील तर 'तारांबळ'. मंगलाष्टकांच्या शेवटी 'ताराबलं चंद्रबलं तदेव' येतं. अंतरपाट निघायची वेळ, हार सापडत नाहीत, अक्षता संपल्या, बँडवाला चहा प्यायला गेलेला. त्या धावपळीवरून शब्द आला असं भटजी सांगतात. पण तारांबळ उडायला माणसं लागतात चार-दोन, एकट्या टोपीची ती होत नाही.

सूरसागर, बडोदे

हे सगळं काल रात्री साताऱ्याच्या आजींना वाचून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "एवढा काथ्याकूट कशाला? दाखवा बघू फोटो." मी मोबाईल पुढे धरला. पहिला होता सयाजीबागेतला, सगळं कुटुंब ओळीत हसतंय आणि मागून एका बकरीचं तोंड बरोब्बर वहिनींच्या खांद्यावर. आजी म्हणाल्या, "ही कुठनं मधेच कडमडली?" पुढचा फोटो माझाच, तलावाच्या पायऱ्यांवर, एक पाय हवेत. "आणि इथं तुम्ही कडमडलात."

दोन्हीला एकच शब्द! भाजी निवडता निवडता.

बघा ना. कडमडणे म्हणजे अडखळून पडणे, आणि कडमडणे म्हणजे नको त्या वेळी नको तिथे उगवणे. फोटोबॉम्ब म्हणून ज्याला लोक मिरवतात ते आपल्याकडे आधीपासून होतंच. आमच्या अल्बमात ह्याच दोन जातीचे फोटो आहेत, पडलेले आणि मधे आलेले. शिवाय डभोई रोडवाल्या ताईंची अडचणही सुटली, कडमडायला लाज असावी लागत नाही. बकरी कडमडते, छावा कडमडतो.

सदाशिवपेठी, पुणे

शब्द शंभर नंबरी. एक लक्षात ठेवा, त्यात वैताग आहे. "हा आत्ता कुठून कडमडला?" असं प्रेमाने म्हणता येत नाही.

सूरसागर, बडोदे

वैताग हवाच. बकरी बघून पहिल्यांदा मी फोटो पुसायलाच निघालो होतो.

राजवाडा, इंदूर

नाव ठरलं म्हणा. आणि ज्यांत काढणाऱ्याचं बोटच अर्ध्या चौकटीत आलंय, ते फोटो?

मांडवीकाठ, बडोदे

अंगठाछाप.

सूरसागर, बडोदे

घेतला. शेवटची दोन पानं अंगठाछाप, त्यांत माझेच पाच आहेत. मुखपृष्ठावर टोपी. आजोबांची परवानगी काढायला गेलो, फोटो बराच वेळ लांब धरून बघितला, चहा कुठल्या कपातला ते विचारलं, मग हो म्हणाले. अट एकच घातली, खाली 'टोपी उडाली' लिहायचं. 'उडवली' लिहिलंत तर सही देणार नाही.