आईच्या पायाच्या नसा फुगल्यात, ऑपरेशन करावंच लागते का?

मदत हवी आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यावर राहतो. आई 54 वर्षांची. पूर्ण जन्म निंदण अन् कापूस वेचण्यात गेला. डाव्या पोटरीवर हिरव्या-निळ्या नसा दोरीसारख्या वर आल्यात, चारपाच वर्षं झाली. आधी दुखत नव्हत्या, म्हणून आम्हीही लक्ष दिलं नाही.

यंदा वेचणीपासून संध्याकाळी पाय जड होतो, सुजतो. रात्री पाय उशीवर ठेवला की उतरतो. एवढ्यानं मी घाबरलो नसतो, पण आता घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडली, खाज सुटते. माझ्या वाचण्यात आलं की नसांमधल्या झडपा ढिल्या झाल्या की रक्त खाली साचते, अन् कातडीचा रंग बदलला म्हणजे पुढे जखम होऊ शकते, ती लवकर भरत नाही.

गावातले डॉक्टर म्हणाले, पायाला घट्ट दाब देणारे मोजे घाला, डॉप्लर सोनोग्राफी (नसांमधून रक्त कसं वाहते ते पाहायची तपासणी) करा. शेजारची काकू म्हणते, जळू लावा! आई म्हणते, "मले काही नाही झालं, सोयाबीन विकू दे आधी."

कोणाच्या घरी झालं असेल तर सांगा:
घट्ट मोज्यांवर भागलं, की लेझर करावं लागलं? वर्ध्याजवळच्या सावंगी किंवा सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं असेल तर कोणत्या विभागात? सरकारी योजनेत बसते का? उन्हाळ्यात शेतात ते मोजे घालून काम होते का, हेही सांगा. आई तिथंच अडून बसली आहे.