आखाजी सोन्याची की घागरीची?

जळगावकर: सकाळी एका शहाण्याची पोस्ट वाचली. ‘अक्षय्य तृतीया म्हणजे सोनंखरेदी, मडकी पुजणं हा अडाणीपणा.’ डोकं फिरलं. आमच्या खानदेशात ही तृतीया म्हणजे आखाजी, उन्हाळ्याचं स्वागत घागरीनं होतं. कोरी घागर, गळ्यापर्यंत पाणी, तोंडावर डांगर, सांजोऱ्या, आंबा. वडील गेल्यापासून मी भरतोय. पितरांची आगारी, म्हणजे विस्तवावरचा घास, पडेपर्यंत आई आंब्याला शिवत नाही. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचं, सालही याच दिवशी बदलतं. यात सराफ कुठून घुसला?

देवगडवाला: घागर पुजा हो, कोण नको म्हणतंय? पण आखाजीआधी आंबा नाही, हे खूळ कशाला? २०२४ला तृतीया १० मेला, २०२५ला ३० एप्रिलला. झाड काय पंचांग बघून पिकतं? आमच्या पेट्या मार्चपासून सुटतात. तुम्ही मेपर्यंत थांबणार आणि वर ‘हापूस महाग’ म्हणून रडणार.

पेठेतली मावशी: आमच्या चैत्रगौरीला तर महिनाभर आंबेडाळ नि पन्हं. मग कैरीला पितरांची हरकत नाही वाटतं? आणि घागरीवर डांगर?? ते तर पापडाचं असतं!

जळगावकर: मावशी, आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज. आणि मी आंबा म्हणालो, कैरी नाही. नीट वाचत जा. देवगडवाले, रडलं कोण? तुमच्या पेटीत वरचा थर देवगडचा, खालचा कुठला ते देवाला ठाऊक.

देवगडवाला: तोंड सांभाळून! ती भेसळ बाजारातली. २०१८ला हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळूनही शिव्या आम्हीच खायच्या?

भुसावळची लेक: झालं आंबापुराण? घागर दादा पुजतो, पण चुलीपुढे पुरण घाटतं कोण? आम्ही माहेरवाशिणी निंबाला झोके बांधतो, गौराईची गाणी म्हणतो, आणि बाप्ये पारावर पत्ते कुटतात. एका आखाजीला आमच्या भावानं बियाण्याचे पैसे पत्त्यांत घालवले. आईनं पाटल्या मोडल्या, तेव्हा कपाशी लागली. घागर मोडून बियाणं येत नाही, दादा.

जळगावकर: बरं बाई, सोन्याचं कबूल. पण त्या पोस्टवाल्याचं नाही! पाटल्या आखाजीलाच घेतल्या होत्या का?

भुसावळची लेक: नाही. दिवाळीला.

जळगावकर: मग झालं तर!

देवगडवाला: पत्ता कळवा. पेटी पाठवतो, दोन्ही थर उपसून बघा. आखाजीच्या आठ दिवस आधी पोचेल.

जळगावकर: कच्चीच पाठवा. आई गवतात अढी लावेल, आखाजीपर्यंत पिकतील.