विकेंद्रित क्रिप्टो नेटवर्कला परवाना हवा का? हवा असेल तर तो घ्यायचा कोणी?

पाचवी_चावी:
कर्ज देणाऱ्या एका लहानशा क्रिप्टो प्रोटोकॉलचा कोड मी तपासून देतो. तारण ठेवायचं, टोकन उचलायचं, तारणाची किंमत घसरली की स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्राम, ते परस्पर विकून वसुली करतं. त्या मंडळींनी आता मला मल्टिसिगमध्ये, म्हणजे अनेकांच्या सह्यांच्या व्यवस्थेत, यायला सांगितलंय. सही करायच्या डिजिटल चाव्या पाच. त्यातल्या तिघांनी सह्या केल्या की कॉन्ट्रॅक्टचा कोड बदलता येतो. पाचवी चावी माझ्याकडे द्यायची म्हणतात. मानधन वगैरे काही नाही, "विश्वासातला माणूस हवाय" एवढंच.

परवा ग्रुपवर कोणीतरी विचारलं, आपल्याला परवाना लागत नाही का? लगेच उत्तर आलं, "आपण विकेंद्रित आहोत, परवाना घेणार कोण?" हसऱ्या इमोजी पडल्या आणि विषय गुंडाळला गेला. एकाने तर आपला कोड एमआयटी लायसन्सखाली खुला आहे, म्हणजे लायसन्स आहेच की, असंही लिहिलं. त्या लायसन्सने कोड वापरायची मुभा मिळते. लोकांचं तारण सांभाळायची मिळत नाही. यावर मी काही बोललो नाही.

बिटकॉइनच्या बाबतीत "घेणार कोण" हा प्रश्न मला पटतो. जानेवारी २००९ पासून ते चालू आहे, त्याला ना कंपनी ना संचालक. पण आमच्याकडे पाच माणसं आहेत आणि त्यांच्या हातात चाव्या आहेत. मग परवाना नेटवर्कला हवा, त्या पाच जणांना हवा, संकेतस्थळ चालवणाऱ्याला हवा, की कोणालाच नको? कायद्याची माहिती असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही सांगा.

नोडकरी:
कोणालाच नको. मी जुन्या लॅपटॉपवर बिटकॉइनचा नोड, म्हणजे व्यवहार तपासून नोंदी ठेवणारा प्रोग्राम, चालवतो. माझ्या नोडने एखादा व्यवहार तपासला म्हणून मी काही बँक झालो नाही. चीनने २०२१ मध्ये मायनिंगवर, म्हणजे यंत्रं लावून व्यवहारांचे नवे ब्लॉक (गठ्ठे) साखळीत जोडण्यावर, बंदी आणली. हॅश रेट, म्हणजे त्या यंत्रांची एकूण गणनशक्ती, काही आठवड्यांत जवळपास निम्म्यावर आला आणि वर्ष संपेपर्यंत पुन्हा भरून निघाला, कारण यंत्रं दुसऱ्या देशांत गेली. ब्लॉक येत राहिले. जे बंदीला जुमानलं नाही, ते परवान्याला काय जुमानणार?

आणि परवान्याने काय होतं तेही बघून झालंय. न्यूयॉर्कने २०१५ मध्ये बिटलायसन्स, म्हणजे क्रिप्टो व्यवसायासाठीचा राज्याचा परवाना, आणलं. क्रॅकेनसारख्या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजने त्या राज्यातून सरळ काढता पाय घेतला. लहान लोकांना तर वकिलाची फीच परवडत नाही. टिकतात ते मोठेच.

वकीलकाका:
नोडकरी, तुमच्या नोडला कोणी हात लावत नाहीये, निश्चिंत राहा. अमेरिकेच्या फिनसेनने (काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) मार्च २०१३ मध्येच तीन वर्ग पाडले होते: वापरणारा, अदलाबदल करून देणारा आणि चलन प्रशासित करणारा. वापरणाऱ्याला त्यांनी सोडून दिलं. कायदा नेटवर्कला शोधत नाही, त्यामागच्या माणसाला शोधतो.

धागाकर्त्यांनी खरं वाचायला हवं ते एफएटीएफचं (काळा पैसा पांढरा करण्याविरुद्ध निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ऑक्टोबर २०२१ चं मार्गदर्शन. नुसतं सॉफ्टवेअर म्हणजे सेवा देणारी संस्था नव्हे, हे त्यात मान्य आहे. पण त्या व्यवस्थेवर ज्याचं नियंत्रण किंवा पुरेसा प्रभाव आहे, तो सेवा देणारा ठरू शकतो, मग ती व्यवस्था स्वतःला कितीही विकेंद्रित म्हणवून घेवो. युरोपच्या क्रिप्टोसाठीच्या मायका नियमावलीचंही तसंच. कोणीही मध्यस्थ नसताना पूर्ण विकेंद्रित रीतीने दिलेली सेवा तिच्या कक्षेबाहेर आहे, असं प्रस्तावनेत म्हटलंय. 'पूर्ण' म्हणजे किती, याची व्याख्या मात्र दिलेली नाही. पाचातल्या तीन सह्यांनी कोड बदलत असेल तर 'पूर्ण' म्हणायला माझी तरी जीभ रेटणार नाही.

ओकी डाओचं प्रकरण ग्रुपवर जरूर टाका. डाओ म्हणजे टोकनधारकांच्या मतदानावर चालणारी संघटना. आधी कंपनी होती. २०२१ मध्ये तिने कारभार टोकनधारकांच्या हवाली केला. आता कारवाई कोणावर करणार, हा हिशेब. सप्टेंबर २०२२ मध्ये सीएफटीसीने, म्हणजे अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकाने, डाओवरच दावा लावला. समन्स कुठे बजावायचं हा पेच होता, म्हणून ते संकेतस्थळाच्या मदत-चॅटमध्ये आणि त्यांच्या चर्चामंचावर टाकलं! बजावणी झाली असं न्यायालयाने मानलं. डाओकडून कोणी उभंच राहिलं नाही. जून २०२३ मध्ये एकतर्फी निकाल लागला: ६,४३,५४२ डॉलर दंड आणि संकेतस्थळ बंद. आणि सीएफटीसीची भूमिका काय होती? टोकन वापरून मतदान करणारे त्या संघटनेचे सदस्य. मतदान करणाऱ्यांबद्दल ही भूमिका असेल, तर चावीवाल्याचं काय ते तुम्हीच ठरवा.

नोडकरी:
काका, टॉर्नेडो कॅशचं, क्रिप्टो व्यवहारांचा माग पुसणाऱ्या त्या सेवेचं, सोयीस्कर विसरलात. ज्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये कोणालाच बदल करता येत नाही ते कोणाची 'मालमत्ता' नाही, म्हणून त्यावर निर्बंध लावता येत नाहीत, असं अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. मार्च २०२५ मध्ये टॉर्नेडो कॅशवरचे अमेरिकेचे निर्बंध उठले.

वकीलकाका:
विसरलो नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये ज्युरीने त्याच टॉर्नेडो कॅशच्या एका विकसकाला, रोमन स्टॉर्मला, विनापरवाना पैसे हस्तांतरणाचा व्यवसाय चालवण्याच्या कटात दोषी धरलं, हेही लिहा की. बाकीच्या दोन आरोपांवर ज्युरीचं एकमत झालं नाही. कॉन्ट्रॅक्ट सुटलं, माणूस अडकला.

पाचवी_चावी:
काका, आभार. ओकीचं टाकलं ग्रुपवर. या वेळी इमोजी नाही आली.

वाचून माझं मत बऱ्यापैकी पक्कं झालंय. नेटवर्कला परवाना हा प्रकार निरर्थक आहे, कारण परवाना म्हणजे तो रद्द करण्याची सोय आली, आणि रद्द झाल्यावर ज्याचं काम थांबेल असा धारक आला. बिटकॉइनला तसा धारक नाही. पण म्हणून 'विकेंद्रित' एवढं म्हटलं की सुटलो, हेही चालायचं नाही. रोनिन ब्रिजचं, म्हणजे एका साखळीतून दुसरीत क्रिप्टो नेणाऱ्या पुलाचं, बघा. मार्च २०२२ मध्ये साठ कोटी डॉलरहून जास्त चोरीला गेले. व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार मंजूर करणारे, होते नऊ, चोरांनी त्यातल्या पाचांच्या चाव्या मिळवल्या. त्या पाचांपैकी चार एकाच कंपनीच्या होत्या! एक दार फोडलं की जवळपास सगळं हाती, अशा गोष्टीला विकेंद्रित म्हणायचं? माझ्या मते जो व्यवहार थांबवू शकतो, नियम बदलू शकतो किंवा लोकांचं तारण हलवू शकतो, त्याने परवाना घ्यावा. बाकीच्यांना सोडा.

शंकासुर:
मग एथेरियम या दुसऱ्या मोठ्या नेटवर्कच्या मंडळींना लावा परवाना. जून २०१६ मध्ये 'द डाओ' या तिथल्या गुंतवणूक निधीतून ३६ लाख इथर (तिथलं चलन) चोरीला गेल्यावर जुलैत फोर्क करून, म्हणजे नियम बदलून साखळीला नवा फाटा काढून, ते परत आणलेच ना? बिटकॉइन तरी कुठे सोवळं आहे! मार्च २०१३ मध्ये साखळी दुभंगली तेव्हा विकसकांनी चॅटवर मोठ्या मायनिंग पूलवाल्यांना (मायनिंग एकत्र करणाऱ्या गटांना) गाठलं, सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर परत जायला सांगितलं आणि ते गेले. नियम बदलू शकणारी माणसं सगळीकडेच असतात. तुमची पाच आहेत, त्यांची थोडी जास्त, इतकाच फरक.

पाचवी_चावी:
मुद्दा बिनतोड आहे, थोडा वेळ अडलो. पण फरक माणसांच्या संख्येचा नाही. २०१६ मध्ये ज्यांना फोर्क मान्य नव्हता त्यांनी जुनीच साखळी चालवली. तीच एथेरियम क्लासिक, अजून चालू आहे. २०१३ मध्ये पूलवाल्यांना नाही म्हणता आलं असतं. आमच्याकडे तिघांनी सह्या केल्या की पुढच्याच ब्लॉकपासून नवा कोड सगळ्यांना लागू. ज्याचं तारण आत आहे त्याला कोणी विचारत नाही, आणि कळेपर्यंत झालेलं असतं.

शंकासुर:
मग टायमलॉक लावा. बदल जाहीर केल्यावर सात दिवसांनी लागू. ज्याला पटलं नाही तो तारण काढून घेईल. आता तुमच्यात आणि फोर्कमध्ये काय उरलं? परवान्याची गरजही गेली.

पाचवी_चावी:
नेमकं हेच मी कोड तपासताना सुचवलं होतं. त्यांचं म्हणणं, कोणी चोरी करत असेल तर सात दिवस नुसतं बघत बसायचं का? त्यात तथ्य आहे. मग आज असं सुचवलं: बदल करायला सात दिवसांचा टायमलॉक, आणि सगळं तात्पुरतं थांबवायची चावी वेगळी, तिला वाट बघणं नाही. त्या चावीने थांबवता येईल, पैसे हलवता येणार नाहीत.

पण माझ्याच कसोटीने थांबवणारी चावी असलेला माणूस परवान्याच्या कक्षेत येतो. घसरणीत कोणाला तारण वाढवायचं असेल आणि आम्ही सगळं थांबवून ठेवलं, तर तारण वाढवता येणार नाही. पुन्हा सुरू केलं की विक्री लगेच होणार आणि तोटा त्याच्या माथी. तेव्हा ती चावी एखाद्या नोंदणीकृत संस्थेकडे द्या, माझ्या एकट्याच्या नावावर नको, असं कळवलंय. काका, अशा फक्त थांबवण्याच्या अधिकाराला कुठल्या कायद्यात वेगळं धरलंय का?

वकीलकाका:
फिनसेनच्या मे २०१९ च्या मार्गदर्शनात मल्टिसिगवर स्वतंत्र भाग आहे. दुसरी सही पुरवण्यापुरतीच ज्याची भूमिका आहे आणि पैशांवर एकट्याचा ताबा नाही, त्याला त्यांनी पैसे हस्तांतरित करणारा मानलेलं नाही. पण ते वॉलेटबद्दल, म्हणजे एखाद्याचं स्वतःचं क्रिप्टो ठेवायच्या खात्याबद्दल, आहे. शेकडो लोकांचं तारण थांबवणाऱ्या चावीला ते जसंच्या तसं लावू नका. संस्था होऊन ती चावी घेईपर्यंत कुठेही सही करू नका.